मनगट ते कोपर : एका शब्दाचा शोध
(भिलाई येथील मराठी वाचकांपुढे केलेले भाषण)



भाषांतरकाराची खरी परीक्षा पुष्कळदा क्षुल्लक भासणाऱ्या शब्दापाशी होते. युरोपच्या मध्ययुगीन योद्ध्याच्या मनगटापासून कोपरापर्यंतच्या कवचाला इंग्रजीत 'व्हॅम्ब्रेस' म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ 'बाहूचा पुढचा भाग' एवढाच. त्याला मराठीत काय म्हणावे?

'बाजूबंद' हा शब्द चटकन सुचतो. संग्रहालयांच्या सूचींत तो या अर्थाने आढळतोही. परंतु मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे दंडावरचा दागिनाच उभा राहील आणि बिचाऱ्या योद्ध्याचा हात उघडा पडेल. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलात 'हस्तघ्न' येतो, अमरकोशात 'गोधा' आहे. मात्र ही धनुर्धराची साधने होत. सुटलेल्या प्रत्यंचेचा फटका अडविणे हे त्यांचे काम, तलवारीचा घाव अडविणे नव्हे. म्हणून फारसीतून आलेला 'दस्ताना' मला अधिक योग्य वाटला. हिंदीत त्याचा अर्थ हातमोजा असा होतो, हे मात्र आपल्यासारख्या दुभाषिक वाचकांना सांगितले पाहिजे.

मराठ्यांनी तर शस्त्र आणि कवच एकत्रच जोडले. दांडपट्ट्याचे लांब, सरळ पाते पोलादी खोळीला जडविलेले असते. ही खोळ हात जवळजवळ कोपरापर्यंत झाकते आणि आतली आडवी मूठ धरून पट्टा फिरवावयाचा असतो. हात सुरक्षित राहतो, पण मनगट वळत नाही. सारी फेक कोपर, खांदा आणि पावलांच्या चालीतून घ्यावी लागते. संरक्षणाची किंमत स्वातंत्र्याने मोजावी लागते ती अशी. हे अवघड तंत्र ज्याला साधले तो 'पटाईत'. पुढे कोणत्याही कामात निष्णात असलेल्या माणसालाच आपण पटाईत म्हणू लागलो.

अशा शस्त्राचा सराव जिवंत माणसावर कसा करावा? आपल्या आखाड्यांनी त्यावर फरी-गदग्याचा उपाय काढला. गदगा म्हणजे चामडे मढविलेली काठी, फरी म्हणजे लहान ढाल. घाव लागला हे कळावे, पण हाड मोडू नये, हा त्यामागचा विचार. अमेरिकेत १९७७ साली सुरू झालेल्या 'डॅगोरहिर' या खेळात मऊ फोम गुंडाळलेली शस्त्रे असतात. त्यामागे हाच विचार आहे. तेथे हातावर वार लागला की तो हात निकामी झाला असे खेळाडूने स्वतःच मान्य करावयाचे असते. शस्त्र मऊ झाले की प्रामाणिकपणाची जबाबदारी वाढते.

कोल्हापूरच्या मर्दानी खेळांत पट्टा आजही फिरतो. परदेशी खेळाचे वर्णन वाचणाऱ्या आपल्या मुलांना गदगा हा शब्दच ठाऊक नसेल, तर ती फोमच्या तलवारीला सर्वस्वी नवा शोध समजतील. भाषांतरात मी म्हणूनच अशा ठिकाणी फरी-गदग्याचे स्मरण करून देतो.

भिलाईत १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली. भट्टीसमोर उभ्या राहणाऱ्या कामगारालाही हात झाकावाच लागतो, आणि झाकलेल्या हाताने नेमके काम करावे लागते. त्या हाताचे मोल आपणांस ठाऊक आहे. म्हणून हा लहानसा शब्द आपल्यापुढे ठेवण्याचे धाडस केले. याहून चांगला शब्द आपणांपैकी कोणाजवळ असेल, तर तो मी आनंदाने स्वीकारीन.