‘जून’ नावाची नक्षी

आज आम्ही एका अमेरिकन पेल्याची गोष्ट सांगणार आहोत.

वेस्ट व्हर्जिनियातल्या माउंड्सव्हिल गावी फोस्टोरिया कारखान्यात १९२८ साली गुलाबी, निळ्या काचेवर ‘जून’ नावाची नक्षी आली. पोलादी पाटीवरची नक्षी मेणकट शाईने पातळ कागदावर घ्यायची, कागद पेल्यावर दाबून काढायचा, उरलेली काच मेणाने झाकायची आणि पेला आम्लात बुडवायचा. जिथे काच उघडी, तिथे आम्ल ती खाई आणि नक्षी उमटे.

कागद बसवण्याचे नाजूक काम बायका करत. सुरकुती पडली की नक्षी बिघडली! नक्षीला नाव मिळाले. त्या हातांची नावे पेल्यावर नाहीत.

आमच्या गोधड्यांचेही तसेच. म्हणून आता आम्ही कोपऱ्यात शिवणारीचे नाव टाकतो. तुम्हीही टाका.