वीज बिलातली १६ टक्क्यांची ओळ

आजचा विषय तुमच्या मोबाइलमध्येच आहे. महावितरणचं ॲप उघडा, घरचं शेवटचं बिल काढा आणि एक ओळ शोधा: वीज शुल्क, १६ टक्के.

वाचून वाटतं, हा महावितरणचाच काहीतरी चार्ज असेल. तसं नाहीये. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार हे वीज पुरवण्याचे पैसे. वीज शुल्क हा राज्य सरकारचा कर. महावितरण तो आपल्याकडून गोळा करून सरकारी तिजोरीत भरतं. त्यासाठी २०१६ चा महाराष्ट्र वीज शुल्क अधिनियम आहे.

असा कर इतर ठिकाणीही असतो. अमेरिकेत बरीच शहरं ‘फ्रँचायझी फी’ घेतात. गॅसच्या पाइपलाइन आणि विजेच्या तारा शहराच्या रस्त्यांवरून जातात, त्याचा हा मोबदला. कंपनी तो ग्राहकाच्याच बिलात टाकते. भिवंडीत २००७ पासून टोरंट पॉवर ‘फ्रँचायझी’ आहे, तो प्रकार वेगळा. तिथे वीज वितरणाचंच काम कंपनीकडे दिलंय. दिल्लीत मात्र बिलातला ५ टक्के वीज कर महानगरपालिकेकडे जातो. म्हणजे निदान विचारता येतं, आमच्या गल्लीतला दिवा का बंद आहे?

आपले १६ टक्के थेट मुंबईला जातात. आणि दर सगळीकडे सारखाच. नरिमन पॉइंटच्या फ्लॅटला १६, आमच्या चिंचपाड्यातल्या घरालाही १६.

आता जवळच्या नवापूर स्टेशनवर चला. हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिकीट खिडकी आपल्याकडे, स्टेशन मास्तर तिकडे. पलीकडे गुजरातेत शहरी घरांना वीज शुल्क १५ टक्के आहे, पण ग्रामीण घरांना ७.५ टक्के. म्हणजे गाव आणि शहर यांत फरक करता येतो. तो करायचा की नाही, हे सरकार ठरवतं.

मी कोड लिहितो, त्यामुळे मला सगळ्यात जास्त खटकतो तो फॉर्म्युला. समजा, शुल्क लागणारी रक्कम १,००० रुपये. कर झाला १६०. उद्या वीज महागली आणि तेवढ्याच वापराचे १,२०० झाले, तर कर १९२. दर तोच, वापर तोच, तरी कर ३२ रुपयांनी वाढला. विधानसभेत एक शब्दही न बोलता!

कर नकोच, असं माझं म्हणणं नाही. रस्ते, शाळा, दवाखाने करातूनच चालतात. पण ज्या घरात दोन बल्ब आणि एक पंखा आहे, त्या घराकडून किती घ्यायचं, हे उघडपणे ठरलं पाहिजे.

आणि सरकारने ठरवलं तर दर कमीही होतो. १ एप्रिल २०२२ पासून राज्याने सीएनजी आणि पाइप गॅसवरचा व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला. पाइप गॅस प्रामुख्याने शहरांत. गावातल्या बल्बचं काय?

एक लक्षात ठेवा. वीजदराची तक्रार वीज नियामक आयोगाच्या जनसुनावणीत मांडता येते. वीज शुल्काची नाही, ते आयोगाच्या हातात नाही. तो प्रश्न आमदारांना विचारायचा, अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या आधी. सोबत बिलाचा स्क्रीनशॉट जोडा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!