पांढरी वाइन, शेनिन ब्लां आणि भोर-वेल्ह्याचा पाऊस



नाशिककडे द्राक्षापासून पांढरी वाइन होते, मग भोर-वेल्ह्यात का होऊ नये, असा प्रश्न सहज पडण्याजोगा आहे. दोन्ही मुलूख सह्याद्रीच्या पूर्व अंगाचे. भोर आणि नाशिक या गावांची समुद्रसपाटीपासूनची उंचीही जवळजवळ सारखीच. फरक आहे तो पावसाचा, आणि द्राक्षाच्या बाबतीत तोच निर्णायक ठरतो.

महाराष्ट्रात पांढऱ्या वाइनसाठी मुख्यत्वे शेनिन ब्लां व सोव्हिन्यों ब्लां या जाती लावतात. शेनिन ब्लांचे मूळ फ्रान्समधील लोआर नदीच्या खोऱ्यात. तेथे हे फळ शरद ऋतूत पिकते. नाशिककडे मात्र एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा ओसरल्यावर फळछाटणी करून जानेवारी ते मार्चच्या दरम्यान पीक काढतात. उन्हातही फळातील आंबटपणा टिकून राहतो, हा या जातीचा मोठा गुण. पांढऱ्या वाइनची चव त्यावरच तोलली जाते. घड सकाळच्या गारव्यात तोडून लगेच दाबतात, साल वेगळी करतात आणि रस स्टीलच्या टाक्यांत कमी तापमानावर आंबू देतात. तांबड्या वाइनला रंग येतो तो सालीमुळे.

खरड छाटणीनंतर फुटलेल्या काड्यांवर पुढचे घड अवलंबून असतात, आणि त्या काड्यांना सारा पावसाळा उघड्यावर काढावा लागतो. वेल्ह्याच्या घाटमाथ्यावर वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. इतक्या ओलीत केवडा आणि करपा या रोगांना आवर घालणे कठीण. मुळांशी पाणी साचते ते वेगळेच. जी खाचरे इंद्रायणी भाताला पोसतात ती द्राक्षाला मानवत नाहीत.

भोरच्या पूर्व भागात पाऊस कमी होत जातो. तेथे बागेचा विचार करता येईल. परंतु वाइनचे द्राक्ष बारीक व बियांचे असते, खाण्याच्या बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. खरेदीदार एकच, वाइनचा कारखाना. राज्याने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया धोरण स्वीकारल्यावर नाशिककडे लागवड झपाट्याने वाढली. पुढे २००८-०९ च्या मंदीत मागणी घटली आणि अनेक शेतकऱ्यांवर उभ्या बागा उपटण्याची पाळी आली. तेव्हा खरेदीचा लेखी करार हाती आल्यावाचून कोणी मांडव उभारू नये. माती-पाण्याविषयी सल्ल्यासाठी मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र पुण्याजवळच आहे.

या पावसाची दुसरी बाजूही आहे. वेळवंडीवरील भाटघर आणि नीरेवरील नीरा-देवघर ही धरणे भोर तालुक्यातच उभी आहेत. नीरा उजव्या कालव्याचे पाणी फलटण ओलांडून माळशिरस तालुक्यात जाते. त्याच कोरड्या तालुक्यात, अकलूजच्या परिसरात, २००७ नंतर वाइनच्या द्राक्षांच्या बागा उभ्या राहिल्या आणि तेथे शेनिन ब्लांची पांढरी वाइन तयार होते. इकडे धरणांच्या वरच्या अंगाच्या काही वाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. या वाड्यांना पिण्याचे पाणी आणि रब्बीच्या एखाद्या पिकापुरता उपसा कसा मिळेल, हा विषय ग्रामसभेपुढे द्राक्षाच्या आधी यावा.