कान्हेरीचा विहार कोणाच्या पैशावर चालला?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही गिरणीतली माणसे. आमचे शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे जे काही शिकलो ते रात्रपाळी करून, वाचनालयात बसून. तेव्हा बोलण्यात चूकभूल झाली तर पदरात घ्यावी.

मागे आपल्या विहारातले आम्ही अकरा जण बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांवर जाऊन आलो. डोंगरात शंभरावर लेणी. प्रत्येक खोलीपाशी पाण्याचे टाके, बसायला दगडी बाक. तिसऱ्या क्रमांकाचे मोठे चैत्यगृह यज्ञश्री सातकर्णीच्या काळातले, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरचे. एका बाजूला थोर भिक्खूंच्या विटांच्या स्तूपांची रांग आहे. ते सगळे बघून आमच्यातली एक आजी म्हणाली, "बाबा, एवढं राजानेच बांधलं असणार. गरिबाचं काम नव्हे हे."

बंधूंनो, उत्तर त्याच भिंतींवर कोरलेले आहे. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे टाके दिले. कल्याणच्याच एका लोहाराने डोंगरावर वाट करून दिली. भिक्खुणींनी आणि उपासिकांनी दान दिल्याचे लेख आहेत. कोणी मंगलठाण गावातले, म्हणजे आजच्या मागाठाण्यातले, शेत दिले. त्याच्या उत्पन्नातून भिक्खूंचा खर्च भागायचा. सोपारा, नाशिक, कल्याण, चेऊल अशा गावांची माणसे त्यात आहेत. आपल्या कसब्यात तांबट आळी आहे, कुंभारवाडा आहे. तशीच हातावर पोट असणारी ती माणसे, बरं का!

हे दान नुसते देऊन मोकळे होण्याचे नव्हते. त्याला 'अक्षयनीवी' म्हणत, म्हणजे कायमची ठेव. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर विहार चालवायचा. नाशिकच्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. त्याने गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणीकडे २,००० कार्षापण ठेवले, व्याज महिना शेकडा एक. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. वर्षाला झाले २४० कार्षापण. लेखात लिहिले आहे की वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ द्यावेत. वीस बारे २४०, बरोबर! राजाच्या जावयाने भिक्खूंच्या कपड्याचा पैसा ठेवला तो मागावर बसणाऱ्यांच्या भरवशावर. आम्ही सूतगिरणीची माणसे, हे वाचून आमची छाती भरून आली. आपल्या जिल्ह्यात जुन्नरलाही बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कांसारांच्या श्रेणीकडे अशीच ठेव ठेवल्याचा लेख आहे.

कान्हेरीचा विहार असा शेकडो वर्षे चालला. सन ४९४-९५ मध्ये सिंधहून आलेल्या बुद्धरुचीने तिथे चैत्य बांधला. त्याचा ताम्रपट १८३९ साली सापडला. नवव्या शतकात कोकणात शिलाहारांचे राज्य होते. त्यांचे लेख सन ८४३, ८५३-५४ आणि ८७७ चे आहेत. त्यात राजाचे अमात्य दान देतात. गौड देशाहून, म्हणजे आजच्या बंगालकडून आलेला अविघ्नाकर नावाचा उपासक ध्यानासाठी दालने बांधतो आणि १०० द्रम्मांची ठेव ठेवतो. सन ८४३ च्या दानात विहाराची दुरुस्ती आणि भिक्खूंची चीवरे याबरोबर पुस्तकांसाठीही पैसा राखून ठेवला आहे. हजार वर्षांपूर्वी, डोंगरावर, पुस्तकांसाठी! पुढे १००९ आणि १०२१ साली पारशी यात्रेकरू आले आणि पहलवी लिपीत आपली नावे कोरून गेले. त्यानंतर हळूहळू लेणी ओस पडली आणि जंगल वाढले.

आम्हाला एक गोष्ट खटकली. आधीच्या लेखांत सोनार, लोहार, व्यापारी, भिक्खुणी यांची गर्दी आहे. नवव्या शतकातल्या लेखांत अमात्य आणि परदेशचा धनिक दिसतात; कल्याणच्या लोहारासारखे कोणी दिसत नाही. यातून आम्ही आपल्यापुरता धडा घेतला. विहार दोन-चार मोठ्यांच्या हातात गेला की तो त्यांच्याच आधाराने उभा राहतो आणि त्यांच्याबरोबरच पडतो.

हे आज सांगायचे कारण आहे. आपल्याकडे काही जणांचे मत आहे की एका मोठ्या देणगीदाराकडून सगळा पैसा घ्यावा, बदल्यात त्याच्या नावाची संगमरवरी पाटी लावावी, आणि घरोघरची मासिक वर्गणी बंद करावी. दारोदार फिरायला कमीपणा वाटतो म्हणे! देणगी जरूर घ्यावी, कोणाचा अपमान करू नये. पण वर्गणी बंद करू नये. वर्गणी मागायला आपण दार वाजवतो तेव्हा त्या घरातली म्हातारी विचारते, "पोरांचा अभ्यासवर्ग चालू आहे ना?" हा हिशेब विचारण्याचा हक्क तिच्या दहा रुपयांनी तिला मिळतो. पाटीवाल्याला असे कोण विचारणार?

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी प्रत्येकाला उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यायला सांगितले. प्रत्येकाला, हे लक्षात घ्या. एकट्या धनवानाला नव्हे.

तेव्हा आमची समितीला विनंती आहे. वर्गणी चालू ठेवावी, तिचा काही भाग ठेव म्हणून बँकेत टाकावा, आणि त्याच्या व्याजातून आधी गळके छत आणि मुलांची पुस्तके करावीत. पाटी लावायचीच असेल तर सगळ्या घरांची लावा. कल्याणच्या लोहाराची डोंगरावर चालते, तर आपली कसब्यात का चालू नये?