मृगाआधी एसीचा फिल्टर बदला

आज बोलायचं आहे ते गाडीतल्या एसीच्या फिल्टरबद्दल. इंजिनचा एअर फिल्टर वेगळा, तो सर्व्हिसिंगला मेस्त्री आठवणीनं बघतात. हा दुसरा डॅशबोर्डच्या कप्प्यामागे बसलेला असतो आणि ब्लोअरची हवा गाळून आपल्या नाकापर्यंत पोचवतो. आपल्या भागात तो किलोमीटर मोजून बदलू नका, धुरळ्याचा हंगाम बघून बदला. मला सांगायचं आहे ते एवढंच, आणि मिनिटं मोजकी असली तरी मी ते पुन्हा सांगणार आहे.

गाडीच्या पुस्तकात साधारण दहा-पंधरा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष असा हिशेब दिलेला असतो आणि धुळीच्या भागात त्याआधी बदला, अशी ओळ बहुधा शेजारीच असते. ती ओळ आपल्यासाठी आहे. सातारा जिल्हा एकच, पण महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आपल्या खटाव-माणला पाचशेच्या आसपास. दिवाळी सरली की उघड्या रानांतून, खडीच्या क्रशरवरून, रुंदीकरणाला उकरलेल्या रस्त्यांवरून माती उठते, ती मृगापर्यंत काही खाली बसत नाही. वडूजहून दहिवडीकडे डंपरच्या मागं चालणाऱ्या गाडीचा काटा तेवढाच सरकतो, जेवढा पावसानं धुतलेल्या घाटात सरकला असता. मग तो काटा फिल्टरची हालत कशी सांगणार? असा फिल्टर बाहेर काढून उजेडात धरून बघा. घड्यांच्या तळाला तांबूस-करड्या मातीची कड बसलेली असते, तिच्यात पेटवलेल्या पाचटाची काळी राख, गवताची कुसळं, कडुलिंबाची वाळकी पानं. उजेड पलीकडून येतच नाही.

फिल्टर म्हणजे गाळायचं फडकंच, आणि पाण्याच्या हंड्याला आपल्याकडे फडकं बांधतात, हे काही कुणाला सांगायला नको. दुहेरी फडक्यातून पाणी गाळायची सवय लागली, गावोगावच्या पायऱ्यांच्या विहिरी बंद झाल्या, तेव्हा नारूचा रोग हटला. १९९६ साली देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त ठरवला. एवढी ताकद एका फडक्यात असते. पण तेच फडकं टँकरच्या गढूळ पाण्यानं गच्च झालं, तर घागर ओतली तरी पाणी आत उतरत नाही, कडेनं ओघळतं, आणि कडेनं गेलेलं पाणी गाळलेलं नसतं. फिल्टरचं तंतोतंत असंच होतं. कुणी म्हणेल, गच्च झालेला फिल्टर उलट बारीक गाळतो. खरं आहे, काही अंशी गाळतो. पण हवाच कमी येते, आणि चौकट घट्ट बसलेली नसेल तर ती फटीतून न गाळता शिरते. ब्लोअर चारवर ठेवूनही गार लागत नाही, मग आपण म्हणतो गॅस संपला, आणि काही शे रुपयांचा फिल्टर सोडून गॅस भरायला जास्त पैसे मोजतो.

दुसरी हरकत असते ती हवा मारून घेण्याची. पंक्चरच्या दुकानात जोराची हवा मारली की वरची माती उडते, पण बारीक धूळ तंतूंत आणखी रुतते आणि तंतू फाटतात. फडकं धुता येतं, हा कागदासारखा फिल्टर धुता येत नाही. तिसरी हरकत, आम्ही आतलीच हवा फिरवतो, बाहेरची घेतच नाही. अहो, बऱ्याच गाड्यांत ती फिरणारी हवासुद्धा याच फिल्टरमधून जाते. शिवाय काचा बंद करून पाच-सहा माणसं बसली की तासाभरात कार्बन डायऑक्साइड वाढतो, डोकं जड होतं, चालकाला पेंग येते. पावसाळ्यात काचेवर वाफ धरते ती वेगळीच. वडापच्या, म्हणजे सीटवर भाडं घेणाऱ्या, गाड्यांत काचा उघड्या असतात, त्यांना हे लागू नाही; पण दम्याचं माणूस कराडला किंवा साताऱ्याला दवाखान्यात नेणाऱ्या बंद गाडीला नक्की लागू आहे. बारीक धूळ, अडीच मायक्रॉनच्या आतली, फुप्फुसात खोलवर जाते. तिच्यासाठी आपल्या देशाची वर्षाची मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये सुचवलेली तर फक्त ५. साधा फिल्टर ती सगळी अडवत नाही, हे कबूल. म्हणून जो आहे तो तरी धड असू द्या.

तर पुन्हा सांगतो, किलोमीटर नव्हे, हंगाम. मृगाच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, नवा बसवा. कारण हंगामभर साठलेली माती पहिल्या पावसात ओलसर झाली की तिच्यावर बुरशी धरते आणि एसी लावताच कुबट वास येतो. दिवाळीला एकदा नुसता काढून बघा. बहुतेक गाड्यांत कप्प्याच्या दोन्ही कडा आत दाबल्या की तो खाली येतो, मागचं झाकण निघतं, दहा मिनिटांचं काम. काही गाड्यांच्या कमी किमतीच्या मॉडेलमध्ये खाचा असतात, पण फिल्टरच नसतो, तेही बघून घ्या. फिल्टरच्या कडेला हवेच्या दिशेचा बाण छापलेला असतो. जुना काढतानाच तो कुठं होता ते लक्षात ठेवा. उंदीर याच जागी घर करतात, त्याविषयीही बोलायचं होतं, पण समोर वेळ संपल्याची खूण झाली. नमस्कार.