मद्यपाश आणि सोबत्यांची सभा
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवप्रसंगीं दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या आनंदांत दारूचा विषय काढणें कित्येकांस रुचणार नाहीं, हें आम्ही जाणून आहों. परंतु पन्नास वर्षांचा हिशेब मांडावयाचा, तर ज्या घरांतील कर्ता पुरुष मद्यापायीं गेला तीं घरें वगळून तो कसा मांडावा? आपल्यांत लग्नाच्या मांडवांत, बाप्तिस्म्याच्या पंगतीला, फार काय, कबरस्थानांतून परतल्यावरही पेला पुढें केला जातो, आणि नको म्हणणाऱ्यास आग्रह करणें हा पाहुणचार समजतात. पुढें तोच मनुष्य वाटेंत पडलेला दिसला म्हणजे आपणच तोंड फिरवितों.

उपवासकाळांत वेदीसमोर शपथ घेण्याची चाल आहे. तिला आम्ही नांवें ठेवीत नाहीं. डब्लिनचा हमाल मॅट टॅलबट यानें १८८४ सालीं प्रथम तीनच महिन्यांची शपथ घेतली, ती पुढें वाढविली आणि १९२५ सालीं मरण येईपर्यंत पाळली; ख्रिस्तसभेनें १९७५ सालीं त्यास 'वंदनीय' म्हटलें. पण टॅलबट थोडेच. बहुतेकांची शपथ ईस्टरबरोबर संपते, आणि मोडली म्हणजे लाजेनें मनुष्य आधीं पापनिवेदन टाळतो, मग मिस्सा, मग माणसें. एकट्यानें घेतलेली शपथ एकट्यालाच सांभाळावी लागते, ही तिची उणीव.

ही उणीव भरून निघाली ती १९३५ सालीं, अमेरिकेंतील ॲक्रन गांवीं. बिल विल्सन नांवाचा न्यूयॉर्कचा गृहस्थ कांहीं महिने दारूपासून दूर होता. व्यापारांत अपयश येऊन तो हॉटेलाच्या दिवाणखान्यांत उभा होता. एकीकडे मद्यालयांतील हास्यविनोद ऐकूं येत होता, दुसरीकडे भिंतीवर गांवांतील देवळांची यादी होती. त्यानें यादींतील एका धर्मोपदेशकास दूरध्वनि केला आणि आपणांस दुसऱ्या एखाद्या पिणाऱ्याशीं बोलावयाचें आहे, असें सांगितलें. दुसऱ्याच दिवशीं त्याची डॉ. रॉबर्ट स्मिथ यांशीं गांठ पडली. पंधरा मिनिटांपुरते आलेले डॉक्टर रात्रीं उशिरापर्यंत बसले. त्यांतून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही मंडळी जन्मास आली. उपदेशक तेथें कोणीच नव्हता. दोघे समदुःखी होते. याच डॉक्टरांबरोबर सेंट थॉमस रुग्णालयांत सिस्टर इग्नेशिया यांनीं १९३९ पासून अशा रोग्यांस खाट मिळवून दिली, हें कॅथलिकांनीं विसरूं नये.

भारतांत या सभा १९५७ सालापासून भरतात. मुंबईकडे आणि गोव्यांत कित्येक देवळांच्या सभागृहांत व शाळांच्या वर्गांत. सभेचा ठावठिकाणा मंडळीच्या कार्यालयास दूरध्वनि केला असतां कळतो. आतां मोबाइलवरही यादी मिळते. खुल्या सभेस कोणीही जावें. बंद सभा केवळ पिणाऱ्यांसाठीं. फी नाहीं, वर्गणी नाहीं, नांवनिशी नाहीं. ज्यास जमेल त्यानें पेटींत चार पैसे टाकावे. अट एकच, पिणें सोडण्याची इच्छा. पहिल्या दिवशीं नुसतें ऐकून आलें तरी चालतें. एका सभेंत मन रमलें नाहीं, तर दुसरी पाहावी. माणसें निरनिराळीं, तशा सभाही. आपल्या गांवांत ओळख पटेल अशी भीति वाटत असेल, तर खुशाल शेजारच्या गांवीं जावें. पुढें एखादा जुना सदस्य पाठीराखा म्हणून धरावा आणि मोह पडेल त्या घटकेस, पेला हातीं येण्यापूर्वीं, त्यास हांक मारावी. त्यांचा नेम आजच्या चोवीस तासांचा असतो. जन्मभराची शपथ तेथें कोणी मागत नाहीं. 'उच्च शक्ति' या शब्दानें कोणी बिचकूं नये. ही मंडळी कोणत्याच धर्माची नव्हे, आणि कोणाच्या श्रद्धेआडही येत नाहीं.

एक इशारा मात्र कळकळीनें देतों. वर्षानुवर्षें रोज पुष्कळ पिणाऱ्यानें ती एकाएकीं बंद केल्यास फेफरें येतें, भ्रम होतो, प्रसंगीं प्राणही जातो. म्हणून अशानें आधीं डॉक्टर गांठावा. वांद्र्यास १९८१ सालीं फादर जोसेफ परेरा यांनीं उभारलेली कृपा फाउंडेशन व पुण्याचें १९८६ सालचें मुक्तांगण या संस्था उपचारासाठींच आहेत. सभा उपचारानंतर, आणि मग वर्षानुवर्षें. सभांनीं खरोखर गुण येतो काय, असें विचारणाऱ्यांस २०२० सालीं प्रसिद्ध झालेली कॉक्रेन समीक्षा सांगावी: २७ अभ्यास व दहा हजारांहून अधिक माणसें पाहून, या सभांकडे पद्धतशीर वळविलेलीं माणसें दारूपासून पूर्ण दूर राहण्यांत इतर उपचार घेतलेल्यांपेक्षां सरस ठरलीं, असें तींत नोंदिलें आहे.

पत्नी व मुलें यांस विसरतां कामा नये. त्यांच्यासाठीं १९५१ पासून अल-ॲनॉन या निराळ्या सभा आहेत. नवरा येवो न येवो, बायकोनें जावें. पिणाऱ्या स्त्रियाही आपल्यांत आहेत. त्यांना लाज दुप्पट, म्हणून त्यांना सोबत देणें अधिक अगत्याचें.

आतां आमचें मागणें. महोत्सवाच्या निधींतून कमान उभारावयाची आहे, अवश्य उभारावी. परंतु शाळेंतील मागच्या बाजूचा एक वर्ग आठवड्यांतून एक संध्याकाळ या सभेस मिळावा. वीस खुर्च्या आणि चहाची किटली पुरे. भाडें ती मंडळी आपल्या पेटींतून देईल, कारण फुकट घेणें त्यांच्या नियमांत बसत नाहीं. आंत कोण जातो हें पाहावयास त्या वेळीं फाटकाशीं कोणी उभें राहूं नये, एवढी हमी मात्र आपण सर्वांनीं द्यावी.