गुप्त दाराची हौस

न्यूयॉर्क शहराच्या ईस्ट व्हिलेज भागात सेंट मार्क्स प्लेस या रस्त्यावर हॉट डॉग विकणारे एक साधे दुकान आणि त्याच्या भिंतीत एक जुना टेलिफोन-बूथ. कोणी आत शिरून रिसीव्हर उचलावा, पलीकडून विचारणा व्हावी, आणि जागा असल्यास बूथची मागची भिंतच दारासारखी उघडावी! २००७ साली सुरू झालेल्या या मद्यगृहाचे नाव 'प्लीज डोन्ट टेल', म्हणजे 'कृपया कोणाला सांगू नका'. आत ठेंगणे छत, मंद दिवे, भिंतीवर पेंढा भरलेली जनावरांची मुंडकी. संध्याकाळ घालवायला आलेल्या पाहुण्याला क्षणभर वाटते, आपण दारूबंदीच्या काळातल्या एखाद्या चोरट्या गुत्त्यात आलो. बाहेर पोलीस नाहीत, आत भीती नाही. आहे ती केवळ गुपिताची गंमत.

ज्या काळाचे हे सोंग, तो काळ मात्र गमतीचा नव्हता. अमेरिकेत राष्ट्रव्यापी दारूबंदी १७ जानेवारी १९२० रोजी अंमलात आली आणि ५ डिसेंबर १९३३ रोजी उठली. या जवळजवळ चौदा वर्षांत 'स्पीकईझी' नावाचे चोरटे गुत्ते शहराशहरांतून फोफावले. श्रीमंतांसाठी तिथेही सोय होती. न्यूयॉर्कच्या बावन्नाव्या रस्त्यावरील 'ट्वेंटीवन' या प्रसिद्ध ठिकाणाचे तळघर शेजारच्या इमारतीखाली होते. त्याचा सुमारे अडीच टनांचा दरवाजा भिंतीच्या विटांत बेमालूम मिसळलेला असे आणि एका बारीक छिद्रात तार घातल्यावरच तो उघडे. १९३२ साली सरकारी अधिकाऱ्यांनी छापा घातला, तरी हे तळघर त्यांना सापडले नाही.

ज्यांच्यापाशी असे तळघर नव्हते, त्यांचे काय झाले? कारखान्यांसाठी लागणारे अल्कोहोल पिण्यायोग्य राहू नये म्हणून त्यात मिथिल अल्कोहोलसारखी विषारी द्रव्ये मिसळण्याची पद्धत होती. चोरटे व्यापारी तेच अल्कोहोल पळवून, जमेल तसे शुद्ध करून विकत. त्याला आळा बसावा म्हणून सरकारने विषाचे प्रमाण आणखी वाढवले. १९२६ च्या नाताळात न्यूयॉर्कमध्ये अनेक माणसे विषबाधा होऊन रुग्णालयात आली आणि त्यांतली काही दगावली. शहराचे मुख्य शववैद्यक चार्ल्स नॉरिस यांनी या धोरणाविरुद्ध उघडपणे आवाज उठवला. चांगली दारू ज्यांना परवडत नाही असे गरीबच यात बळी पडतात, हे त्यांनी निदर्शनास आणले. १९३० साली 'जमैका जिंजर' नावाच्या, औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या मद्यार्कात भेसळ झाली आणि हजारो माणसांचे पाय लुळे पडले. आजच्या सजावटीत तो टेलिफोन-बूथ आहे. ती लुळी पावले नाहीत.

कॉकटेल ही दारूबंदीचीच निर्मिती, असा एक समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क यांचे मिश्रण ही कॉकटेलची व्याख्या न्यूयॉर्क राज्यातील हडसन गावच्या एका वृत्तपत्राने १८०६ सालीच छापली होती. जेरी थॉमस या मद्यमिश्रकाचे पुस्तक निघाले ते १८६२ साली. दारूबंदीने या कलेला जन्म दिला नाही. उलट तिचे जाणकार देशोधडीला लावले. हॅरी क्रॅडॉक याने १९२० साली अमेरिका सोडली, लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात नोकरी धरली आणि १९३० साली तिथूनच त्याचा प्रख्यात ग्रंथ निघाला. मायदेशी उरलेल्यांना फळांचा रस आणि साखर लागत असे, ती पुष्कळदा वाईट दारूची चव झाकण्यासाठी.

मग या नव्या, जुन्या वळणाच्या मद्यगृहांत खरे असे काही नाहीच काय? आहे. १९९९ च्या अखेरच्या रात्री साशा पेट्रास्के या तरुणाने न्यूयॉर्कच्या एल्ड्रिज रस्त्यावर 'मिल्क अँड हनी' हे छोटे मद्यगृह उघडले. बाहेर फलक शिंप्याच्या दुकानाचा. पण ही गुप्तता नाटकासाठी नव्हती. शेजाऱ्यांच्या झोपेसाठी होती. आत नियम लावलेले असत: आरडाओरडा करू नये, पुरुषांनी टोपी काढावी, अनोळखी स्त्रीशी पुरुषाने आपण होऊन ओळख करून घेऊ नये, जाताना झटपट आणि निःशब्द जावे. बर्फ मोठ्या लादीतून कापलेला, रस ताजा, प्रत्येक माप काटेकोर. पेट्रास्के २०१५ साली निवर्तला. परंतु त्याच्या हाताखाली शिकलेल्यांनी ही शिस्त ठिकठिकाणी नेली. जुन्या काळातून उचलण्याजोगे जे होते, ते त्याने नेमके उचलले: मापाची निष्ठा आणि माणसाचा मान.

मराठी श्रोत्याला ही कथा सर्वस्वी परकी वाटू नये. मुंबई राज्यात १९५० साली कडक दारूबंदी आली. परवाना हाती घेऊन बसण्याच्या त्या काळातून 'परमिट रूम' हा शब्द मराठीत रुळला. हातभट्टी आणि घराघरांतले चोरटे गुत्ते यांच्या रंगेल आठवणी अजून सांगितल्या जातात. पण जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. मारणारे द्रव्य तेच, १९२६ चे मिथिल अल्कोहोल. मरणारेही तेच, हातावर पोट असलेले.

भूतकाळाचे सोंग घेणे हा काही अपराध नव्हे. नाटकात राजा होणारा कोणाचे राज्य बळकावीत नाही. परंतु चोरदारातून हसत आत शिरणाऱ्याला एवढे ठाऊक असावे, की ज्या दाराची ही नक्कल आहे, त्यातून आत गेलेले सगळेच पहाटे आपल्या पायांनी घरी परतले नव्हते.